‘आतून वाटतंय’ म्हणजे नेमकं कुठून?



रात्री पावणेअकराला फोन. "सर, सॉरी, उशीर झाला. पण उद्या सकाळी टोकन द्यायचंय म्हणून केला."

चाकणच्या एका कंपनीत नऊ वर्षं सीएनसी मशीनवर काम करणारा मुलगा. आपले व्हिडिओ नियमित बघणारा. चहाची फ्रँचायझी घ्यायची ठरवली होती. खर्च साडेसहा लाख, त्यातले पाच लाख वडिलांना निवृत्त होताना मिळालेले. मी विचारलं, "हिशोब काढलास का?" तर म्हणाला, "काढतो सर नंतर. पण मला आतून वाटतंय, हे चालणार."

परवाच्या व्हिडिओत हा विषय मी काढला होता, पण बारा मिनिटांत तो मावत नाही. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसलात तर बरं.

आधी एक कबूल करतो. "आतून वाटतंय" या वाक्याची मी चेष्टा करत नाही. धंद्यात सगळी माहिती हातात येईपर्यंत थांबलात तर शेजारचा दुकान टाकून मोकळा होतो. कधी ना कधी अंदाजावर पाऊल टाकावंच लागतं. पण "आतून" हा पत्ता अपुरा आहे. आत बरेच भाडेकरू राहतात. अनुभव राहतो, भीती राहते, हौस राहते, आणि काल रात्री झोपण्याआधी बघितलेलं रीलसुद्धा राहतं. सगळे एकाच आवाजात बोलतात, ही खरी पंचाईत आहे.

मन घेईना

कोल्हापूर भागातल्या एक ताई कांदा-लसूण मसाला करतात. चौदा वर्षं झाली. एकदा मिरची खरेदीला मी त्यांच्याबरोबर बाजारात गेलो होतो. व्यापाऱ्यानं ब्याडगीचं पोतं उघडलं. रंग झकास. भाव बाकीच्यांपेक्षा किलोमागे वीस रुपयांनी कमी. ताईंनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, एक मिरची काढून मोडली, वास घेतला आणि म्हणाल्या, "नको."

बाहेर आल्यावर मी विचारलं, का हो? तर म्हणाल्या, "काय माहीत. मन घेईना."

मी त्यांना चहाला बसवलं आणि पुन्हा विचारलं. "मन घेईना" हे ठीक, पण हात घातल्यावर नेमकं काय जाणवलं? मग हळूहळू एकेक बाहेर आलं. पोत्यात वर आणि आत हाताला सारखं लागत नव्हतं, आतला माल गार होता. मिरची कडकन मोडायच्या ऐवजी आधी वाकली. हलवली तर आतलं बी वाजलं नाही. म्हणजे वजन भरायला पाणी मारलेलं असणार. यातलं काहीच त्यांनी बाजारात मनाशी मोजलं नव्हतं. त्यांना फक्त "नको" एवढंच ऐकू आलं होतं.

आता बघा, हा आवाज आला कुठून? चौदा वर्षं दर हंगामात पोत्यांत हात घातलाय. मिरची चुकली की मसाल्याचा रंग उतरतो, आणि आठ दिवसांत गिऱ्हाइकाचा फोन येतो, "ताई, या वेळी नेहमीसारखा नाही झाला." चूक झाली की लगेच कानाला कळतं. अशा शेकडो खरेद्यांनंतर हात स्वतःच शिकतो. ताई त्याला "मन" म्हणतात.

गॅरी क्लाइन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आयुष्यभर हेच तपासलं. आगीच्या बंबावरचे अधिकारी, नर्स, सैनिक अशा घाईत निर्णय घेणाऱ्या माणसांचा त्यानं अभ्यास केला. १९९८ सालच्या त्याच्या पुस्तकात एका अग्निशमन अधिकाऱ्याचा किस्सा आहे. एका घरात मागच्या स्वयंपाकघराला आग लागलेली. हा अधिकारी माणसं घेऊन आत गेला, पाणी मारलं, आग हटेना. त्याला एकदम काहीतरी विचित्र वाटलं आणि त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं. थोड्याच वेळात ते उभे होते ती जमीन खचली. खरी आग खाली तळघरात होती. अधिकाऱ्याला वाटत होतं, आपल्याला सहावं इंद्रिय आहे. क्लाइननं खोदून खोदून विचारल्यावर कळलं की खोली गरजेपेक्षा जास्त तापलेली होती आणि एवढ्या आगीच्या मानानं आवाज फार कमी होता. नेहमीच्या आगीचं चित्र जुळत नव्हतं.

मिरचीच्या पोत्यात आणि त्या खोलीत काही फरक वाटतो का तुम्हाला? मला नाही वाटत.

यात गंमत अशी की याच विषयावर उलट बाजूचा एक मोठा माणूस होता, डॅनियल कानेमान. २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. माणसाचा अंदाज कसा फसतो, हे दाखवण्यात त्याची हयात गेली. क्लाइन म्हणे अंदाजावर भरवसा ठेवा, कानेमान म्हणे सांभाळून. पण दोघं भांडत बसले नाहीत. एकत्र बसून त्यांनी २००९ साली एक लेख लिहिला, आणि दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. आतल्या आवाजावर विश्वास कधी ठेवायचा? ज्या कामात काही ठराविक नियम चालतात आणि ते नियम शिकायला माणसाला भरपूर वेळा संधी मिळालेली असते, चूक-बरोबर लगेच कळलेलं असतं, तिथे. आवाज किती ठाम आहे, आतून किती खात्री वाटतेय, याला मात्र काही किंमत नाही. पूर्ण खात्री चुकीच्या माणसालाही वाटते.

हे शेवटचं वाक्य मी स्वतःच्या पैशानं शिकलोय.

माझं पहिलं दुकान

ट्रेनिंग वगैरे सुरू करण्याच्या बऱ्याच आधी मी घरगुती फरसाण आणि बेकरी मालाचं दुकान टाकलं होतं. तालुक्याचं गाव. एजंटनं गाळा दाखवला. आत शिरल्या शिरल्या एवढं प्रसन्न वाटलं की काय सांगू. पूर्वेला तोंड, समोर गणपतीचं देऊळ, रस्ता माणसांनी फुललेला. मी बायकोला फोन लावून म्हणालो, "अगं, हीच जागा. मला आतून आलं." एजंट म्हणाला, उद्या दुसरी पार्टी येतेय. संध्याकाळी दीड लाख डिपॉझिट देऊन मोकळा.

तो दिवस बुधवार होता. त्या गावचा आठवडी बाजार बुधवारी.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता मी त्याच रस्त्यावर उभा होतो, आणि समोरून एक म्हैस गेली. बस्स. आठवड्यातले सहा दिवस तो रस्ता तसाच. आठ महिने ओढलं, मग शटर खाली. डिपॉझिटातून भाड्याची बाकी आणि रंगकामाचे पैसे कापून जे हातात आलं ते सांगायलाही लाज वाटते.

मी खोटं बोलत नव्हतो, मला खरंच आतून आलं होतं. पण आयुष्यात त्याआधी मी दुकानासाठी किती गाळे बघितले होते? एक. हाच. मग माझ्या आत गाळ्यांबद्दल बोलायला होतं तरी कोण? नव्या रंगाचा वास बोलत होता, बाजारची गर्दी बोलत होती, आणि नोकरी सोडून आठ महिने घरी बसल्याची घाई बोलत होती. मी त्या सगळ्यांना मिळून "आतला आवाज" असं भारदस्त नाव दिलं.

म्हणून आता कुणी म्हणालं की आतून वाटतंय, तर मी एकच विचारतो: काय दिसलं? बोट दाखव. अनुभवाचा आवाज असेल तर थोडं खोदल्यावर तो कशाकडे तरी बोट दाखवतो. मिरची गार लागली. पार्टी रेट बोलताना नजर चुकवत होती. पावती मागितली की विषय बदलला. भीतीचा आवाज असेल तर तो वस्तूकडे बोट दाखवत नाही, माणसांबद्दल बोलतो. लोक काय म्हणतील, सासरे काय म्हणतील, मित्र हसतील. आणि प्रत्येक नव्या गोष्टीला तो तेच बोलतो, मग ती मसाल्याची गिरणी असो नाहीतर शिवणक्लास. हौसेचा आवाज तर सरळ भविष्यात जातो. त्याला दुकानाचं उद्घाटन दिसतं, बोर्डावरचं नाव दिसतं. मंगळवारी दुपारी तीनचं रिकामं काउंटर त्याला कधीच दिसत नाही.

नांगर घ्यायला दोन वर्षं

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्कर. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांना आतून वाटत होतं चित्रकार व्हावं. त्यासाठी मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेलेही. पण रंग ओळखण्यात डोळे साथ देईनात. मग ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तिथे हक्काची बढती डावलली गेली. पुढे बेळगाव, भावाबरोबर सायकलींचं दुकान. किर्लोस्कर ब्रदर्सची सुरुवात १८८८ ची धरतात. मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर.

नांगर चांगला आहे, ही त्यांची खात्री पोकळ नव्हती. यंत्राचं ड्रॉइंग, जोडणी, दुरुस्ती यात वर्षं गेलेली. यंत्राबद्दल त्यांचं मन बोलत होतं ते अनुभवातून. पण शेतकरी म्हणायचे, लोखंडानं जमीन विषारी होते. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली म्हणतात. १९१० साली औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या जागेवर किर्लोस्करवाडी उभी राहायला लागली, ती त्यानंतरची गोष्ट.

यातून मी काय घेतो सांगू? "माल चांगला आहे" हा एक आवाज आणि "लोक लगेच घेतील" हा दुसरा. पहिला बरोबर असला म्हणून दुसरा बरोबर असतोच असं नाही. अगदी लक्ष्मणरावांसारख्या माणसाच्या बाबतीतही नाही. तुमचा चिवडा खरंच उत्तम असेल. तो मान्य व्हायला दोन वर्षं लागली, तर तोवर घरची चूल कशावर पेटणार, हे वहीत लिहा.

आधी आकडे, मग डोळे मिटा

मग करायचं काय? आतला आवाज गप्प करायचा? नाही. त्याचा नंबर मागे लावायचा.

ही युक्तीसुद्धा त्या कानेमानचीच. १९५५ च्या सुमाराला, अवघ्या एकविशीत, इस्रायलच्या सैन्यात असताना त्याच्यावर काम पडलं की नव्या भरतीच्या मुलाखती कशा घ्यायच्या ते ठरव. तोवर मुलाखत घेणारे मुलाशी वीसेक मिनिटं गप्पा मारून "हा चांगला सैनिक होईल" असं आतून ठरवायचे, आणि ते फारसं खरं ठरत नव्हतं. कानेमाननं सहा गुण ठरवून दिले, वेळ पाळणं, लोकांत मिसळणं वगैरे. प्रत्येकाबद्दल ठराविक प्रश्न विचारायचे आणि लगेच वेगळे मार्क द्यायचे. मुलाखत घेणारी तरुण मंडळी चिडली. आम्हाला यंत्र केलंत म्हणाली. मग त्यानं त्यांचं मन राखायला शेवटी एक जोड दिली: सहाही मार्क देऊन झाले की डोळे मिटा, हा मुलगा सैनिक म्हणून डोळ्यांसमोर आणा आणि एक ते पाचमध्ये तुमचा आतला मार्क द्या. नंतर निकाल तपासले तर सहा मार्कांची बेरीज आधीच्या पद्धतीपेक्षा बरीच चांगली निघाली. आणि शेवटचा तो डोळे मिटून दिलेला मार्कसुद्धा तितकाच चांगला निघाला!

म्हणजे तीच माणसं, तेच मन. आधी नीट बघायला लावलं, तेव्हा मनानं बरोबर सांगितलं.

म्हणून कुठलाही मोठा निर्णय असेल, नोकरी सोडणं, गाळा घेणं, भागीदार घेणं, तर पाच-सहा मुद्दे आधी लिहा. गिऱ्हाईक कोण, रोज किती विक्री झाली तर खर्च निघतो, माल किती दिवस टिकतो, उधारी किती द्यावी लागेल, सहा महिने शून्य आलं तर घर कसं चालेल. प्रत्येकापुढे मार्क. वही मिटा. एक रात्र जाऊ द्या. मग सकाळी मनाला विचारा.

आमच्या आत्याच्या गावी, सिंधुदुर्गात, अजूनही मोठं काही करायचं तर देवाला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आत्या म्हणते, डावा कौल झाला की कोण गप घरी जातो आणि कोण "पुन्हा एकदा लावा" म्हणतो, ते बघत बसावं. श्रद्धेचा भाग तुमचा तुम्ही ठरवा, मी त्यात पडत नाही. पण वहीतल्या बेरजेचा आकडा बघून तुमचा चेहरा पडला की सुटल्यासारखं वाटलं, तेवढं जरूर टिपून ठेवा. तीसुद्धा माहितीच आहे.

एक अपवाद करा. आतून "नको" आलं आणि समोर कुणी कागदावर सही मागत असेल, कोरा चेक मागत असेल, "आत्ताच्या आत्ता" म्हणत असेल, तर कारण सापडायची वाट बघू नका. थांबा. "नको" ऐकून चुकलात तर एक संधी जाते, दुसरी येते. "हो" ऐकून चुकलात तर डिपॉझिट जातं. दोन्हीची किंमत सारखी नाही, मग दोघांना सारखा मान का द्यायचा?

आणि एक छोटी सवय, मी सात वर्षं करतोय. अंदाज वही. मनात आलं की तारीख घालून लिहायचं: "हा माल दिवाळीआधी संपेल", "ही पार्टी वेळेवर पैसे देईल", "हा पोरगा टिकेल". महिन्याभरानं टिक किंवा फुली. मला त्यातून कळलं की मालाच्या बाबतीत माझा अंदाज बऱ्यापैकी बसतो, उधारीच्या बाबतीत निम्मा-निम्मा, आणि माणसं निवडण्यात भोपळा. तेव्हापासून नवीन माणूस घ्यायचा असेल तर मी बायकोला समोर बसवतो. तिची वही वेगळी आहे.

चाकणचं पुढे काय झालं

त्या रात्री फोनवरच आम्ही गणित मांडलं. भाडं १८,०००. दोन पोरांचा पगार २६,०००. लाईट आणि किरकोळ ६,०००. झाले ५०,०००. दहा रुपयांच्या चहात दूध, साखर, पावडर, गॅस, कप जाऊन सुटतात साधारण ५ रुपये. म्हणजे महिन्याला १०,००० कप, दिवसाला ३३३, तेव्हा कुठे शून्य. त्याचा आत्ताचा पगार २४,०००. तेवढाच सुटायला हवा तर दिवसाला ४९३ कप. बारा तास दुकान उघडं ठेवलं तर दर दीड मिनिटाला एक चहा, सकाळपासून रात्रीपर्यंत, पावसातसुद्धा.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण सर, एजंट म्हणतो उद्या दुसरी पार्टी येतेय."

मी हसलो. म्हटलं, "येऊ दे. माझ्या वेळेलाही येणार होती, अजून यायची आहे. तू तीन आठवडे थांब. जागेसमोरच्या टपरीवर उभा राहा आणि कप मोज. वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या वेळी."

त्यानं मोजले. शिफ्ट बदलताना झुंबड, मधल्या वेळात शुकशुकाट. एका दिवसात सगळ्यात जास्त २१० कप. पण मोजता मोजता त्याला एक गोष्ट खटकली, आणि ती मला सांगताना त्याचा आवाज एकदम वेगळा होता. "सर, सकाळी सहाला बसची वाट बघणारी पोरं चहाबरोबर नुसतं बिस्कीट खातात. सातच्या शिफ्टला उपाशी लागतात. दहापर्यंत पोटात काही नसतं. मी नऊ वर्षं तेच केलंय."

हे त्याच्या आतून आलं होतं. फ्रँचायझीचं जे आलं होतं ते मोबाईलमधून.

आता ज्या आठवड्यात त्याची दुसरी शिफ्ट असते, त्या आठवड्यात तो पहाटे बसस्टॉपजवळ पोह्यांचे आणि शेंगदाणा चटणी-चपातीचे पॅक घेऊन उभा असतो. आई आणि बायको चारला उठून करतात. अन्न परवान्याची नोंदणी त्यानं पहिल्या आठवड्याआधीच करून घेतली. पहिल्या दिवशी ४० नेले, १७ परत आणले. घरच्यांनी दोन दिवस पोहेच खाल्ले. दुसऱ्या खेपेला ३० नेले, सगळे गेले. गेल्या आठवड्यात ५५ वर होता. नोकरी चालू आहे. वडिलांचे पाच लाख बँकेत आहेत.

परवा पुन्हा फोन आला, या वेळी सकाळी. "सर, उपमा ठेवू का? आतून वाटतंय चालेल."

मी म्हटलं, "काय दिसलं?"

म्हणाला, "चार जणांनी विचारलं. पाचवा म्हणाला, पोह्यानं ॲसिडिटी होते."

"मग दहा पॅक ने."